उलट्या रेघेखालचा ऊ

संगणकाच्या कीबोर्डवर उजव्या हाताला, एंटरच्या शेजारीपाजारी, एक बटण असतं. त्यावर एक तिरकी रेघ आहे, डावीकडून उजवीकडं खाली घसरत येणारी. तारीख लिहिताना आपण मारतो ती नव्हे, तिची उलटी. इंग्रजीत तिला बॅकस्लॅश म्हणतात. बहुतेकांनी ते बटण आयुष्यात एकदाही दाबलेलं नसतं आणि त्यांचं काही अडलेलंही नसतं. माझी मात्र सगळी नोकरी त्या रेघेला सांभाळण्यात गेली. घरचे म्हणतात, तुला नवऱ्याच्या सवयींपेक्षा त्या रेघेच्या सवयी जास्त माहीत आहेत. खोटं नाही.

मी वाळूजच्या एका कारखान्यात संगणक विभागात होते. माझं काम दिसायला अगदीच नीरस. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करायचे, एका बाजूनं मजकुराच्या ओळींचा ढीग आत घालायचा आणि दुसऱ्या बाजूनं तो हवा तसा निवडून, कापून, जुळवून बाहेर काढायचा. त्या पडद्यावर खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, माऊससुद्धा नाही. नुसती अक्षरं. या कामात एक साधा नियम आहे की अ म्हटलं की अ, ब म्हटलं की ब. अक्षर जसं आलं तसं जातं. अपवाद एकच, ही उलटी रेघ. ती आली की संगणक सावध होतो. ती स्वतः अक्षर नसते, पुढच्या अक्षराचा अर्थ बदलण्याचा इशारा असते. रेघेमागून एन आला तर तो एन राहत नाही, ‘नवी ओळ घे’ असा हुकूम होतो. टी आला तर ‘चार पावलं पुढं उडी मार’. आर आला तर ‘ओळीच्या सुरुवातीला परत जा’. आणि काही संगणकांवर सी आला तर ‘इथंच थांब, पुढचं काही छापू नकोस, नवी ओळसुद्धा घेऊ नकोस’. एवढीशी रेघ, पण तिच्यात चालतं काम थांबवायची ताकद आहे. मला तिचं पहिल्यापासून आश्चर्य वाटत आलं आणि ते अजून ओसरलेलं नाही.

या रेघेची पहिली मोठी गाठ पडली ती माल पाठवण्याच्या विभागात. तिथं काळेमामा होते. पिशोरचे, घरची शेती, पहाटेच्या शिफ्टबसनं यायचे, बोलणं रोखठोक. खोक्यांवर चिकटवायची लेबलं आमच्या संगणकातून निघायची आणि प्रत्येक लेबलाच्या कोपऱ्यात ती माहिती कुठल्या कप्प्यातून आली ते छापलेलं असायचं. आधी कप्प्याच्या ड्राइव्हचं अक्षर, मग उलटी रेघ, मग इंग्रजीत गावाचं नाव. एक दिवस मामा तीन लेबलं घेऊन माझ्या टेबलाशी आले. पैठणचं लेबल ठीक होतं. नाशिकचं मधेच फुटून दोन ओळींत गेलं होतं आणि नाशिकचा पहिला एन गायब होता. चाकणच्या लेबलावर तर गावाचं नावच नव्हतं आणि त्याखालचाही सगळा मजकूर पुसल्यासारखा झाला होता. मामांचा निष्कर्ष तयार होता.

“मॅडम, तुमच्या मशीनला चाकण खपत नाय.”

मी हसले, पण आतून चरकले, कारण चाकणला गाडी निघायची होती. मग पाहिलं तर रेघेमागं नाशिकचा एन, म्हणजे नवी ओळ. चाकणचा सी, म्हणजे थांब. पैठणच्या पी ला कुणी कसला हुकूम दिलेला नव्हता म्हणून पैठण बचावलं. उपाय पुस्तकात आहे. खरोखरची रेघच हवी असेल तर एकाऐवजी दोन लिहायच्या. पहिली रेघ दुसरीला सांगते की तू हुकूम नाहीस, तू नुसती रेघ आहेस. मी दोन लिहिल्या. लेबल पुन्हा तसंच फुटलं. कारण मजकूर एका हातातून निघत नव्हता. माझ्याकडून एका प्रोग्रामकडं, त्याच्याकडून दुसऱ्याकडं, मग छपाईकडं. दिवाळीत लेकीच्या घरी फराळाची पिशवी चार नातेवाइकांच्या हातून पाठवावी आणि प्रत्येकानं वाटेत लाडू उचलावा, तसं प्रत्येक प्रोग्राम आपल्या वाटणीची रेघ सोलून घेत होता. शेवटी चार लिहिल्या तेव्हा एक पोचली. हे मामांना सांगितलं तर ते म्हणाले की आमच्या धान्याच्या मोंढ्यातसुद्धा मालाला इतकी तूट धरत नाहीत. पुढं दसऱ्याला त्यांनी त्या प्रिंटरला सगळ्यात मोठा झेंडूचा हार घातला आणि चाकणची गाडी गेली की मला खिडकीतून हात दाखवत राहिले.

मी वाळूजची नोकरी सोडली तेव्हा वाटलं, ही रेघ आता सुटली. पण घरी बसवेना. उस्मानपुऱ्यात एका छोट्या संस्थेचं ब्रेल छापखान्याचं काम चालायचं. दोन खोल्या, एक छापायचं मशीन आणि जाड कागदाचे गठ्ठे. तिथं संगणक बघायला कुणीतरी हवं होतं. मी गेले आणि तिथलीच झाले.

छापखान्यात मशीन सांभाळायला सलीमभाई होते. शहागंजातले, पातळ अंगाचे, मशीनवर स्वतःच्या पोरासारखी माया. मशीन चालू झालं की कागदावर सुया आपटतात आणि खालून ठिपके वर येतात. आवाज असा की शेजारच्या खोलीत बोलायचं तर ओरडावं लागतं. आणि छापलेलं तपासायला होती रत्नमाला. पाचोडची, चाळिशी ओलांडलेली. लहानपणी गोवर निघाला त्यात दोन्ही डोळे गेले. अंधशाळेत शिकली, मराठीत एमए केलं, आणि आठवड्यातून काही दिवस एसटीनं आमच्याकडं यायची. तिचं वाचन मी पहिल्यांदा पाहिलं ते विसरणार नाही. उजवा हात ओळ वाचत पुढं जातो आणि ती ओळ संपायच्या आतच डावा हात पुढच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो. कुठं थांबणं नाही. मी पन्नाशी गाठलेली बाई, पण चहाचा कप हातात तसाच धरून बघत बसले होते.

पाचोडला त्यांच्या वस्तीत विहार आहे. वर्षावासाच्या महिन्यांत, आषाढ पौर्णिमेपासून, तिथं रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. रत्नमालाचे चुलते नामदेवकाका, निवृत्त शिक्षक, वर्षानुवर्षं तिथं वाचत आलेले. रत्नमाला कळायला लागल्यापासून पहिल्या रांगेत बसून ऐकत आली. काकांची नजर काचबिंदूनं अधू झाली तेव्हा आता कोण वाचणार असा प्रश्न आला, आणि रत्नमाला म्हणाली, मी वाचते.

विहाराच्या समितीत संपतराव म्हणून एक जण आहेत. माणूस वाईट नाही, पण शिस्तीचा. त्यांच्याकडं एक जुना दंडक आहे की ग्रंथ वाचायचा, पाठ म्हणायचा नाही. पाठ म्हणणारा नकळत आपल्या पदरचं घालतो, एखादं वाक्य गाळतो, आणि दहा वर्षांनी ग्रंथ वेगळाच होऊन बसतो. कागदावर असेल तेच लोकांच्या कानी पडलं पाहिजे. हे मला पटतं, माझंही आयुष्य त्याच शिस्तीत गेलं. पण संपतरावांचं म्हणणं पुढं असं होतं की रत्नमालाला इतकी वर्षं ऐकून सगळं तोंडपाठ आहे. ती कागदावर हात फिरवील आणि पाठच म्हणेल. त्याला वाचन कसं म्हणायचं? शेवटी ठरलं की पहिल्या दिवशी तिनं वाचून दाखवावं. जमलं तर पूर्ण वर्षावास तिच्याकडं. नाही तर दुसरं कुणीतरी बघू.

तिनं हे मला सांगितलं तेव्हा ती कागदाच्या गठ्ठ्याच्या कडेवरून बोट फिरवत होती.

“ताई, ऐकणं लई झालं. मला एकदा वाचायचंय.”

तो ग्रंथ ब्रेलमध्ये आणायचं काम आम्ही घेतलं. टाइप झालेल्या मराठी मजकुराचं ठिपक्यांच्या भाषेत रूपांतर करणारा एक प्रोग्राम असतो. त्यातून जे निघतं ते माझ्यासारखीला पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्या खिचडीच्या ओळी आणि पानं जुळवून ती मशीनकडं पाठवायची, हे माझं काम. नमुन्याची काही पानं काढली, रत्नमालानं तपासली, एक चूक नाही. मग नेमका आमचा जुना संगणक बंद पडला. देणगीतून नवा आला, मी माझे सगळे प्रोग्राम त्यावर जसेच्या तसे ठेवले आणि पहिला भाग छापून पाचोडला पाठवला. तेच प्रोग्राम, तेच हुकूम, एक अक्षर बदललेलं नव्हतं.

पौर्णिमा तोंडावर आली आणि रत्नमालाचा फोन आला. आवाज बसलेला. ओळी मधेच तुटतात, शब्दाची शेपटी गायब होते, पुढचं खाली जातं, असं म्हणाली. एकाही पानावर धड वाचता येत नव्हतं. असलं वाचून दाखवलं तर संपतराव काय म्हणतील ते सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गठ्ठा घेऊन आलीच.

मी आधी मशीनवर संशय घेतला. सलीमभाईंना ते लागलं. त्यांनी झाकण उघडून एकेक सुई तपासली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, “मैं सुई देखा, बराबर है. मशीन कू नाम नक्को रखो.”

मग मी रत्नमालाला शेजारी बसवलं. पडद्यावर मूळ फाइल उघडली, तिच्या हाताखाली छापलेलं पान. ती जिथं तुटतंय ते सांगत गेली, मी पडद्यावर ती जागा शोधत गेले. पहिल्या ठिकाणी ‘बसून’ हा शब्द होता. कागदावर नुसतं ‘बस’ होतं आणि ओळ तुटली होती. पुढं ‘करून’चं ‘कर’. मग ‘निघून’चं ‘निघ’. मी पडद्यावर त्या तिन्ही जागा पाहिल्या. तिन्ही ठिकाणी तीच होती. माझी रेघ, आणि तिच्यामागं एन.

इतकी वर्षं ती खिचडी मी बघत होते, पण कुठल्या खुणेचा कुठला ठिपका ते मला कधी माहीत असावं लागलंच नव्हतं. ब ला बी, स ला एस, न ला एन इतपत दिसत होतं. मी रत्नमालाला विचारलं, ऊ कसा काढतात गं? तिनं माझा तळवा उलटा करून घेतला आणि त्यावर बोटांनी दाबून दाखवलं. डावीकडं वरचे दोन ठिपके. उजवीकडं खालचे दोन. डावीकडून उजवीकडं खाली उतरत येणारे.

मी तळव्याकडं बघतच राहिले. हुबेहूब तीच उतरण. ज्या रेघेला मी जन्मभर धाकात ठेवत आले, दोनदोन, चारचार लिहून जिला गप्प बसवत आले, ती हिच्या बोटांखाली एक साधा सरळ ऊ होती. हिनं शाळेत असल्यापासून तिला किती वेळा स्पर्श केला असेल. आणि मराठीत ऊन किती! करून, जाऊन, घेऊन, म्हणून, पासून. दोन वाक्यं बोललो की एक तरी येतोच. त्या प्रत्येक ऊनच्या जागी फाइलमध्ये उलटी रेघ आणि एन उभे होते, आणि नवा संगणक प्रत्येक वेळी इमानेइतबारे नवी ओळ घेत होता. कुणी कोडं घालायचं म्हणून घातलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. मी हे तिला समजावून सांगितलं तेव्हा ती खुदकन हसली. म्हणाली, म्हणजे आपण दोघी एकाच खुणेवर नोकरी करत व्हतो की.

जुन्या संगणकानं हे का केलं नाही? मजकूर छपाईकडं द्यायचा एक अगदी जुना हुकूम आहे, एको नावाचा. त्याचा स्वभाव यंत्रागणिक वेगळा. जुन्या संगणकावरचा एको ऐकलं तसं बोलायचा. नव्यावरचा रेघ दिसली की तिचा अर्थ लावायचा. नाव तेच, काम तेच दिसतं, पण एक निरोप्या आहे आणि दुसरा दुभाषा. मी त्याला काढून टाकलं आणि त्याच्या जागी असा हुकूम लिहिला ज्याला बजावून सांगता येतं की हा मजकूर आहे, यात डोकं चालवू नकोस, जसाच्या तसा पुढं दे. एका ओळीचं काम. ती ओळ लिहून झाल्यावर मी दोन्ही हात जोडले. कुणाला, ते मला सांगता येणार नाही.

सलीमभाईंनी जेवणसुद्धा मशीनशेजारीच केलं. पहिल्या प्रकरणाची पानं नव्यानं निघत गेली आणि रत्नमाला टेबलावर जुनं पान डावीकडं, नवं उजवीकडं ठेवून दोन्ही एकदम वाचत गेली. डाव्या हातानं मोडकं, उजव्या हातानं नीट. जिथं जुन्यात शब्द तुटला असेल तिथं नव्यात तो पुरा आहे ना, याची खात्री करून मगच नवं पान गठ्ठ्यात. पानागणिक तिचा चेहरा सैल होत गेला. शेवटचं पान अर्धंच होतं, थोड्या ओळींचं, त्यात ऊन एकही नव्हता. तोवर एसटीची वेळ झाली होती. वरवर चाचपली तर दोन्ही पानं हाताला सारखीच सलग लागली आणि तिनं एक उचलून गठ्ठ्यात घातलं. सलीमभाईंनी दोरी बांधली. मला राहवेना, मीही तिच्याबरोबर पाचोडला निघाले.

पौर्णिमेच्या त्या संध्याकाळी विहार माणसांनी भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागं भिंतीला टेकून म्हातारी मंडळी. वंदना झाली. नामदेवकाका पहिल्या रांगेत, जिथं इतकी वर्षं रत्नमाला बसायची तिथं. संपतराव कडेला, मांडीवर छापील ग्रंथ उघडून, चष्मा लावून. रत्नमालानं कागद मांडीवर घेतला आणि सुरू केलं.

सुरुवातीला आवाज कापला, मग लागला. डावा हात, उजवा हात. ऊन आला की मी कान टवकारायचे आणि ती सहज त्याच्यावरून पुढं जायची. बायका हळूहळू तिच्या हातांकडं बघायच्या थांबल्या आणि डोळे मिटून ऐकायला लागल्या. माझ्या मते वाचन लागल्याची याहून मोठी खूण नाही. संपतरावांचं बोट छापील ओळीवरून तिच्या बरोबरीनं सरकत होतं, पण कपाळावरची आठी तशीच. मला कळत होतं ते काय मोजतायत. ती इतकं बिनचूक वाचत होती की जणू पाठच म्हणत होती. तिचा बिनचूकपणाच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता.

शेवटचं पान आलं. दोनेक ओळी झाल्या आणि तिचा उजवा हात थांबला. मागं आला. पुन्हा पुढं गेला, पुन्हा थांबला. माझ्या लक्षात आलं. तिनं उचललेलं पान जुन्या छपाईचं होतं. त्यात ऊन नव्हता, पण कुठंतरी ऊपुढं च होता, म्हणजे रेघेमागं सी. चाकणचं लेबल. इथं मजकूर एकेक ओळीनं जायचा, म्हणून संगणकानं त्या जागी तेवढी ओळ गिळली होती आणि पुढची ओळ सलग जोडून टाकली होती, म्हणून बोटाला कुठं फट लागली नव्हती.

ते वाक्य तिला येत होतं. तिला येत होतं हे त्या विहारातल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती ते पाठ म्हणून पुढं गेली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. मी मनातल्या मनात तिला विनवत होते, म्हण गं, म्हणून टाक.

रत्नमालानं मान वर केली.

“इथं ओळ नाय. ‘हळ’ एवढंच हाय अन् त्याच्यापुढचं कागदावर नाय. काका, तुम्ही सांगा.”

नामदेवकाकांनी डोळे मिटले आणि ‘हळूच’पासूनचा तो तुकडा सांगितला, त्यांच्या मास्तरी आवाजात, सावकाश. संपतरावांचं बोट छापील ओळीवरून त्यांच्याबरोबर फिरलं. मग त्यांनी ग्रंथ मिटला, चष्मा काढला आणि इतक्या वेळात पहिल्यांदा रत्नमालाच्या हातांकडं नीट पाहिलं. ती बोटं त्या जागेवर तशीच थांबलेली होती. काकांचं झालं तशी ती पुढच्या शब्दावर गेली आणि प्रकरण संपेपर्यंत थांबली नाही.

सगळे उठल्यावर संपतराव तिच्यापाशी आले. तेवढं पान बदलून घ्या पोरी, म्हणाले, आणि उद्या लवकर बसू, म्हातारी माणसं असतात. बस, एवढंच. पण सगळा वर्षावास तिच्याकडं आला होता हे तिथल्या सगळ्यांना कळलं. बायकांनी तिला घेरलं, काका नुसतेच तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

मी तिला बाजूला घेतलं. मी विचारलं, ते वाक्य तुला येत नव्हतं का गं?

ती कागदाचा गठ्ठा छातीशी धरून उभी होती. म्हणाली, “येत व्हतं की, ताई. पण मी वाचत व्हते.”